पत्र्यामागची कुत्री

अन्याय एका कुत्रीवर झाला. पाडव्याच्या मिरवणुकीनंतरचा पहिला रविवार, सकाळचे साडेअकरा. तिला नाव नव्हतं, असलं तरी मला कुणी सांगितलं नाही. शिरोळच्या रस्त्याला उसाच्या फडाला लागून एक केनेल होतं. तिथं ऑफिसच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये ती साखळीला होती आणि तिचं पिल्लू पुढच्या दारानं आम्ही घेऊन गेलो. आम्ही म्हणजे मी आणि माझे वडील. हे आधीच लिहून टाकते, कारण पत्रकं लिहायला शिकताना मला एकच गोष्ट पक्की शिकवली गेली: कुणावर, कधी आणि कुणी केला, हे पहिल्या चार ओळींत आलं पाहिजे, पाचवी ओळ कुणी वाचत नाही. ‘कुणी’ म्हणून मी इतकी वर्षं फक्त केनेलवाल्याचं नाव घेत आले. सभेत, चौकात, कॉलेजच्या गेटवर, सगळीकडे. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. म्हणून हे प्रकरण.

आमचं घर म्हणजे आधी गोठा, मग घर. गंगावेशीच्या अलीकडच्या बोळात रस्त्याला लागून सात म्हशी आणि त्यांच्या मागं आमच्या दोन खोल्या. पहाटे आण्णा, म्हणजे वडील, उकिडवे बसून गुडघ्यात चरवी धरायचे. रिकाम्या चरवीत पहिली धार पडते तेव्हा पत्र्यावर खडा आपटल्यासारखा आवाज होतो. मग चरवी भरत जाते तसा तो मऊ होत जातो आणि शेवटी नुसती फेसाची फसफस ऐकू येते. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं, सुंद्री झाली, आता गंगी. दिवस उजाडला की म्हशी कट्ट्यावर नेऊन बांधायच्या, आणि तिथं तालमीतून घामेजलेली पोरं, फिरायला निघालेले पेन्शनर, शाळेत निघालेली लेकरं ग्लास घेऊन उभी राहायची. म्हशीखाली ग्लास धरायचा, फेसासकट भरायचा आणि उभ्यानं प्यायचा. वरचा फेस मिशीला लागला पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक ओरडतं. दुपारी गोठ्यात शेणाचा, सरकी पेंडीचा आणि ओल्या वैरणीचा वास भरून राहायचा. तो आमच्या कपड्यांना होता, वह्यांना होता, आईच्या केसांना होता. शाळेत मला त्यावरून नावं ठेवलेली होती. ती मी इथं लिहीत नाही, ती लायकी त्यांची नाही.

आण्णा शिकलेले चौथी. पण म्हैस घ्यायची तर लोक त्यांना गाडीत घालून न्यायचे, गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत. त्यांची पद्धत ठरलेली. पहिल्या धारेवर भरवसा ठेवायचा नाही, कारण विकणारा आदल्या वेळची धार तुंबवून ठेवतो. मुक्काम करायचा आणि ओळीनं तीन धारा स्वतःच्या हातानं काढायच्या. तोंड उघडून दात बघायचे. आणि सगळ्यात शेवटी रेडकू सोडायचं. म्हैस त्याला चाटते का बघायचं. चाटली तर तिचं, नाहीतर कुणाचंतरी आणून बांधलंय. रेडी विकत घ्यायची असली तरी तेच, आधी आई बघायची. “आय बघितल्याबिगर रेडी घेणारा माणूस आंधळा,” असं ते म्हणायचे आणि खाली बसून म्हशीच्या पोटाखालून असं काही बघायचे की विकणाराच घामाघूम व्हायचा.

मला कुत्रं पाहिजे होतं, तेही जर्मन शेफर्डच. नववीत होते. मिलिटरीच्या कुत्र्यांचा एक व्हिडिओ मी इतक्या वेळा बघितला होता की आईच्या मोबाईलची बॅटरी फुगली. वैरणीच्या खोलीच्या दाराला आतून मी त्याचं चित्र चिकटवलं होतं. कान ताठ, छाती पुढं, जगातल्या कुणाच्या बापाला न भिणारं. शाळेतल्या त्या पोरींच्या समोरून ते कुत्रं घेऊन एकदा चालत जायचं, एवढंच माझं स्वप्न होतं. आई म्हणायची, “कुत्रं कशाला गं आनि? तू हायस की घरात भुंकायला.”

त्या वर्षी पाडव्याला सुंद्रीनं कमाल केली. आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळावर मोरपीस. मालक सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकलवर पुढं आणि म्हैस त्या आवाजामागं धावते, दोर नाही, काठी नाही. सुंद्री अख्खा रस्ता आण्णांच्या मागं अशी धावली की लोकांनी शिट्ट्या मारल्या. घरी आल्यावर आण्णा फुगले होते नुसते. पोळीवर तुपाची धार घेता घेता म्हणाले, “माग, काय मागायचं ते.” मी एका दमात मागितलं. आईनं कपाळावर हात मारला. आण्णा म्हणाले, “जबान दिली की आता.”

रविवारी आण्णांनी साबण लावून दोनदा अंघोळ केली आणि लग्नाला घालतात तो पांढरा शर्ट घातला. दुधाच्या गाडीतून आम्ही गेलो. केनेलला काचेचं दार होतं. आत एसी, भिंतीला चषक, कुत्र्यांचे हे मोठे फोटो. आण्णांनी दारातच चपला काढल्या. मालक काळा चष्मा डोक्यावर सारून हसला. “अवो पावणं, ऱ्हाऊ दे की चपला, देऊळ हाय व्हय हे?” आण्णा तरी अनवाणीच आत आले आणि सोफ्याच्या अगदी कडेला टेकले. मालक बोलत सुटला. ब्लडलाइन, इंपोर्टेड, चॅम्पियन, सर्टिफिकेट. आण्णा प्रत्येक शब्दाला मान हलवत होते. तीन धारा काढून बघितल्याशिवाय बाजारात कुणाच्या बापाचं न ऐकणारा माणूस, त्या थंड खोलीत गुडघ्यांवर हात ठेवून मान हलवत होता. आज कुठल्याही ऑफिसात माझ्यासमोर कुणी इंग्रजी शब्द टाकून गरिबाला गप्प करायला लागला की मला तो पांढरा शर्ट आठवतो आणि माझा आवाज आपोआप चढतो. लोक म्हणतात, ही पोरगी भांडकुदळ आहे. आहे.

एका प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये वर्तमानपत्रावर पाच पिल्लं होती. मालक म्हणाला, “नर न्या, नराला रुबाब असतोय.” आण्णा पहिल्यांदा हसले. “आमच्यात समदं मादीवरच चालतंय. म्हशी काय नि बायका काय.” त्यांनी पाठीला काळा पट्टा असलेली, सगळ्यात शांत मादी उचलली. माझ्या हातात दिली. ती कोमट होती आणि तिचं पोट माझ्या तळव्यावर धडधडत होतं. मग आण्णांनी विचारलं. माझा बाप विचारायला विसरला असं कुणी म्हणू नये. त्यांनी विचारलं, “हिची आय बघू की जरा.”

मालकानं मोबाईल पुढं केला. हिरवळीवर उभी असलेली एक दिमाखदार कुत्री. “ही बघा.”

“फोटू न्हवं. हितं असंल की.”

“पावणं, ती जर्मन हाय, म्हस न्हवं. भायेरच्या मानसाच्या हाताला जंतू असत्यात. त्यात तुमी गोठ्यातनं आलायसा.”

आण्णांनी आपले हात उलटे करून बघितले. दोनदा साबण लावलेले हात. मग ते म्हणाले, “बरं, बरं,” आणि हात मांडीखाली घेतले.

तेवढ्यात पिल्लानं माझ्या हातावर मुतून ठेवलं. मालक कागद लिहीत होता. मान वर न करता म्हणाला, “मागं नळ हाय.” मी पिल्लू आण्णांकडे देऊन मागं गेले. नळ होता. नळाशेजारी पत्र्याची शेड होती, दार बाहेरून कडी घालून लावलेलं. फिनेलचा वास डोळ्यांत जात होता, पण त्याच्या खालचा वास मी ओळखला. म्हैस आजारी पडली की गोठ्यात येतो तो आंबूस वास. दोन पत्र्यांच्या मध्ये चार बोटं फट होती. मी डोळा लावला. आत ओल्या सिमेंटवर एक कुत्री पडली होती. फोटोतली नव्हे. ही निम्मी झडलेली, मागच्या मांड्यांना जखमा, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, आणि आचळं लोंबून जमिनीला टेकलेली. मला बघून ती भुंकली नाही. हवा हुंगत उठली, साखळी ताणून फटीपर्यंत आली आणि नाक लावून उभी राहिली. मी हात पुढं केला. का केला माहीत नाही. तिनं माझी बोटं चाटली. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, तळवा. जिथं जिथं पिल्लाचं मूत लागलं होतं तिथं तिथं, सावकाश, डोळे मिटून.

मी आण्णांची पोरगी. ही परीक्षा मला पाळण्यापासून माहीत होती.

मी हात धुतले नाहीत. तशीच परत आले. आण्णा पिल्लू छातीशी धरून उभे होते. त्यांनी मला बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत बाजारातली ती नजर क्षणभर आली. हळूच विचारलं, “काय गं, मागं काय हाय?”

मी म्हणाले, “काय न्हाय. नळ हाय.”

बोलले असते तर आण्णा पिल्लू खाली ठेवून परत फिरले असते. शंभर टक्के फिरले असते, आणि मी रिकाम्या हातानं घरी गेले असते. म्हणून बोलले नाही. दुसरं कारण नाही. वय लहान होतं, भीती वाटली, कळलं नाही, असलं काही मी इथं लिहिणार नाही. मला पिल्लू पाहिजे होतं.

वाटभर ते पिल्लू माझा तोच हात चोखत होतं. नाव ठेवलं वाघी. तीन दिवस आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. टोमणे मारणारी आईच तिला पहिल्यांदा पदराखाली घेऊन बसली. वाघी गोणपाटावर सुंद्रीच्या रेडकाला टेकून झोपायची. गिऱ्हाइकं ग्लास हातात धरून तिला बघायला थांबायची, “आण्णा, म्हशी इकून कुत्र्याचं दूध काढनार काय आता?” आण्णा हसायचे आणि सुंद्रीखाली वाटी धरून फेसाळ दूध तिच्यापुढं ठेवायचे. आमच्या गावात अशक्त माणसाला, परीक्षेच्या पोराला, तालमीतल्या गड्याला, सगळ्यांना एकच औषध. “आठ दिसात पैलवान करतो बघ हिला.”

चौथ्या दिवशी सकाळी तिनं ओकारी केली. दुपारी जुलाब. आण्णांनी मालकाला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून.

“काय पाजलासा?”

“दूध की. म्हशीचं. धारोष्ण.”

पलीकडून तो ओरडलाच. “अवो पावणं, इदेशी पिल्लाला म्हशीचं कच्चं दूध? मग मरंल न्हाईतर काय हुईल! तुमचीच चूक हाय ही, माझ्याकडं यायचं न्हाय.”

आण्णांनी फोन खाली ठेवला आणि सुंद्रीजवळ जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, जणू तिचीच माफी मागत होते, की तिलाच जाब विचारत होते, मला समजलं नाही. दूध बाधलं म्हटल्यावर आम्ही दुधावरचाच उपाय केला. दूध बंद. जिऱ्याचं ताक, साबुदाण्याची पेज, रेडकाला देतात तसं सगळं. दोन दिवस. त्या दोन दिवसांत दवाखान्यात जायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण आजार काय आहे ते आम्हाला माहीत होतं. आमचंच दूध होतं. दुधातलं आम्हाला कळत नाही तर कुणाला कळतं? तिसऱ्या दिवशी जुलाबात रक्त आलं तेव्हा आई म्हणाली, “हे दुधाचं न्हाय. उठा.”

डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि पार्व्हो म्हणाल्या. कुत्र्यांमधला विषाणूचा रोग, पिल्लांना भराभर घेऊन जातो. आण्णांनी विचारलं, “दुधानं झालं न्हवं?” मॅडम म्हणाल्या, “दुधानं पोट बिघडतं, हे असं होत नाही. हिनं हे तिकडूनच आणलंय. किती दिवसांची म्हणून दिली?” “पन्नास.” त्यांनी वाघीचं तोंड उघडलं. आण्णा वाकले. मॅडमना सांगावं लागलं नाही. दात नुकते कुठं हिरडीतून वर येत होते. “म्हैन्याची पन हाय का न्हाय,” आण्णा स्वतःशीच बोलले. गगनबावड्यापर्यंत जाऊन दुसऱ्यांच्या म्हशींचे दात बघणाऱ्या माणसानं आपल्या पोरीच्या पिल्लाचं तोंड उघडलं नव्हतं. सर्टिफिकेट होतं ना. मालकानं दिलेल्या लशीच्या कार्डावर नुसता गोल शिक्का होता, ना डॉक्टरचं नाव, ना लशीचं लेबल. “दोन दिस आदी आनली असती तर?” आण्णांनी विचारलं. मॅडमनी सलाईनच्या नळीला टिचकी मारली आणि त्या थेंब मोजायला लागल्या.

सलाईन लावायला आम्ही तिला रोज नेत होतो आणि परत आणत होतो. आमच्या हातात आणखी काहीच नव्हतं. तुम्ही कधी एखाद्या जिवाजवळ असं बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, माणूस किती निरुपयोगी असतो. मी तिचे पाय चोळत होते. आई कापूस ओला करून ओठांना लावत होती. आण्णा दर थोड्या वेळानं येऊन उभे राहायचे आणि परत जायचे. तिसऱ्या संध्याकाळी धारेची वेळ झाली. म्हशींना थांब म्हणता येत नाही. पुढं गिऱ्हाइकं जमली होती. मी मागच्या खोलीत वाघीला मांडीवर घेऊन बसले होते आणि पुढून चरवीचा आवाज येत होता, आधी कडक, मग मऊ होत गेलेला. सुंद्री संपली. गंगीची पहिली धार रिकाम्या चरवीत वाजली तेव्हा माझ्या मांडीवरचं धडधडणं थांबलं होतं. बाहेर कुणीतरी म्हणालं, “आण्णा, आज फेस कमी हाय की!” आणि आण्णांचा आवाज आला, “देतो की, देतो.” सगळ्या म्हशी संपेपर्यंत मी हाक मारली नाही.

दोन दिवसांनी आण्णा शेणानं भरलेल्या रोजच्या कपड्यांत गाडीत बसले. मीही बसले. या वेळी केनेलमध्ये त्यांनी चपला काढल्या नाहीत. मालकानं ऐकून घेतलं, च् च् केलं आणि क्रेटमधून एक पिल्लू काढून माझ्या मांडीवर ठेवलं. “दुसरं घिऊन जावा की. आमी मानसं हाय, कसाई न्हवं.” कोमट होतं तेही. मी हात लावला नाही.

आण्णा म्हणाले, “आय दाव.”

“पावणं, परत तेच?”

“आय दावल्याबिगर उठत न्हाय मी हितनं.” आणि ते सोफ्यावर मागं टेकून बसले. चहा आला, तसाच निवला. दुसरं गिऱ्हाईक आलं, बघून गेलं. मालक आधी हसत होता, मग चिडला, “हितं काय मागं बिगं न्हाय, सगळी कुत्री फार्मावर असत्यात.” तेव्हा मी तोंड उघडलं. नऊ दिवस उशिरा.

“मागं हाय ती. पत्र्याच्या शेडात. मी बघितलीया.”

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. मालकाकडं नाही, माझ्याकडं. मग उठले आणि सरळ मागं गेले. शेडचं दार सताड उघडं होतं. सिमेंट धुतलेलं, फिनेल ताजं. भिंतीतल्या कड्याला साखळी लोंबत होती. मालक मागून म्हणाला, “म्हातारी झालती. दिली सोडून.”

“कुटं?”

“सोडली म्हंजे सोडली. कुटं म्हनून इचारत्यात व्हय?”

येताना उसाच्या फडांच्या कडेनं आण्णा अगदी हळू गाडी चालवत होते, दोन्हीकडं बघत. मीही बघत होते. कुठंच काही दिसलं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, “तू हात फुडं केलतास?”

“व्हय.”

“चाटला तिनं?”

“व्हय.”

“मग ती आयच,” ते म्हणाले. त्या विषयावर नंतर कधीच बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

तक्रारीचं विचाराल तर केली. एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात गेलो. पिल्लाचं शव कुठाय? परसात पुरलंय. मग काय तपासणार? पावती कुठाय? कागदावर केनेलचं नावच नव्हतं. कुत्री कुठाय, जिच्यावर अन्याय झाला म्हणता? या प्रश्नावर आण्णा आणि मी एकमेकांकडं बघायचो. लेखी अर्ज द्या म्हणाले, दिला. माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक तेच. वर्षभरानं त्या जागेवर दुसऱ्या रंगाची पाटी होती आणि काचेच्या दारात दुसरी पोरगी हातात पिल्लू धरून फोटो काढून घेत होती. अजून तसंच चालू आहे. आण्णा अजून धारा काढतात, आता गुडघे दुखतात. मी रविवारी पिल्लांच्या बाजाराच्या कोपऱ्यावर उभी असते, लोक पत्रक घेतात आणि चार पावलांवर टाकतात. गेल्या महिन्यात एक बाई पिल्लू कुशीत घेऊन म्हणाली, “अगं, पण किती गोड आहे बघ ना!” आहेच की. वाघीपण होती.

म्हणून तुम्हाला सांगते. सह्या नकोत, सहानुभूती नको. पिल्लू घ्यायला जाल तेव्हा तिथं उभं राहून मोठ्यानं म्हणा, आई दाखवा. फोटो नको, जिवंत दाखवा. जंतूंचं कारण सांगितलं, तुमच्या कपड्यांकडं बघितलं, तुमच्या हातांकडं बघितलं, तरी हात मांडीखाली घेऊ नका. नाही दाखवली तर पिल्लू खाली ठेवा आणि रिकाम्या हातानं घरी या, पोरगं कितीही रडू दे. आणि कुठल्याशा फटीतून तुम्हाला ती दिसलीच, तर परत या आणि, मागं काय आहे, असं तुमच्या माणसानं विचारलं की त्याच क्षणी, तिथंच, खरं सांगा.